ह्यांची रेल्वे, ह्यांचा रेडिओ

अबोली

मी इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. माझे यजमान मागच्या पावसाळ्यात गेले. सारी नोकरी मध्य रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात, आणि घरी आले की हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेने केलेलं बिनतारी बोलणं. दोन्हींबद्दल त्यांनी स्वतः कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. प्रत्येक बोलण्याची नोंद असलेली लॉगबुकं मात्र आहेत, ड्यूटीच्या डायऱ्या आहेत आणि देशोदेशींच्या क्यूएसएल कार्डांनी (बोलणं झालं याची पोच म्हणून हॅम एकमेकांना पाठवतात ती) भरलेले बुटांचे खोके आहेत. सध्या मी ते खोके लावायला घेतले आहेत. हात चालत असताना जे आठवतं ते इथे लिहिते. रेल्वेतली किंवा रेडिओवाली मंडळी असतील तर भर घाला. माझे एकदोन प्रश्न आहेत, ते शेवटी.

१९७२ साली ते अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागले. सिकंदराबादला रेल्वेची सिग्नल आणि दूरसंचाराची संस्था आहे, १९५७ साली सुरू झालेली. सगळे तिला ‘इरिसेट’ म्हणतात. तिथलं शिक्षण झाल्यावर दौंड-मनमाड पट्ट्यात नेमणूक झाली आणि लग्नानंतर मी तिथल्याच क्वार्टरमध्ये आले. मार्ग तेव्हा एकेरी. सिग्नल म्हणजे खांबावरचा हात, तारेने ओढून हलणारा, आणि रात्रीसाठी त्याच्या काचेमागे रॉकेलचा दिवा.

सिग्नलवाल्याचं काम लोकांना दिसतं ते बिघडल्यावरच. पाऊस सुरू झाला की आमच्या घरातला रेल्वेचा फोन रात्रभर वाजायचा. ट्रॅक सर्किट फेल. मी एकदा विचारलं, हे काय असतं एवढं? तर चमच्याने ताटलीत दोन रेघा ओढून समजावलं. रुळाच्या एका तुकड्यात अगदी थोडा वीजप्रवाह सोडलेला असतो. तो दोन्ही रुळांतून जाऊन पलीकडची रिले (विजेवर चालणारी उघडझाप कळ) उचलून धरतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, प्रवाह रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडते आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला तरी रिले पडते, तार तुटली तरी पडते, बॅटरी उतरली तरी पडते. पावसात खडी चिखलाने भरली की प्रवाह जमिनीतून गळतो आणि गाडी नसतानाही सिग्नल लाल होऊन बसतो. मग रेनकोट चढवून ह्यांनी निघायचं. ते म्हणायचे, “खोटा लाल चालेल, त्याला मी रात्रभर भिजेन. खोटा हिरवा चालणार नाही.”

रेडिओचं वेड लावलं ते स्टेशनातल्या एका तारबाबूंनी. ते जुने हॅम होते. ह्यांना मोर्स, म्हणजे टिंब आणि रेघांची तारेची भाषा, शिकायचा होता कारण त्या काळी ग्रेड टूच्या परवान्याला मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने मोर्स घ्यावा आणि पाठवावा लागे. सरावाला कोणीतरी समोर हवं. मग रात्री जेवणं झाली की मी बझर दाबायची. शेजारी अक्षरांचा तक्ता चिकटवलेला. मी वाटेल ती पाच-पाच अक्षरं पाठवायची आणि ते माझ्याकडे पाठ करून बसून लिहून घ्यायचे. मी चुकीचं टिंब दिलं तरी ते तेच लिहीत. म्हणत, “आलं ते लिहायचं. काय यायला हवं होतं, हा विचार करायला लागलो की कान बंद होतो.” अशाने मलाही मोर्स यायला लागला.

परवाना आला, व्हीयू टूने सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मिळाली. पहिला ट्रान्समीटर घरीच बांधला. ८०७ नावाचा व्हॉल्व्ह लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, कॉइल पीव्हीसीच्या नळीवर गुंडाळलेली. सात मेगाहर्ट्झची अँटेना म्हणजे मधोमध तोडलेली वीस मीटर तांब्याची तार, एक टोक कडुनिंबाला, दुसरं पाण्याच्या टाकीच्या शिडीला, आणि मध्ये बांबू. संच बसवलेली माळ्याखालची जागा म्हणजे ‘शॅक’. तिथे दोन घड्याळं होती. एक आपलं, दुसरं साडेपाच तास मागे. लॉगबुकात वेळ जागतिक प्रमाणवेळेनेच लिहायची असा त्यांचा नेम होता.

पुढचं उद्या लिहिते. डोळे दुखतात.

जुना मास्तर

ताई, नमस्कार. मी स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे वाचताना हात आपोआप ब्लॉक इन्स्ट्रुमेंटकडे (पुढच्या स्टेशनाकडून गाडीची परवानगी घ्यायचं यंत्र) गेला. आपल्या यजमानांच्या खात्याशी आमचं रोजचंच. रिले रूमला दोन कुलपं असतात, एकाची किल्ली आमच्याकडे, दुसऱ्याची सिग्नलवाल्यांकडे. दोघं आल्याशिवाय दार उघडत नाही. कितीही ओळखीचा इन्स्पेक्टर असो, डिस्कनेक्शनचा, म्हणजे यंत्र तात्पुरतं तोडत असल्याचा, कागद लिहून दिल्याशिवाय एका तारेला हात लावायचा नाही आणि काम झाल्यावर रीकनेक्शनचा कागद.

नव्या वाचकांसाठी एकेरी मार्गाचं सांगतो. दोन स्टेशनांमध्ये एकावेळी एकच गाडी असायला हवी. त्यासाठी नील्स बॉल टोकनची यंत्रं असत, दोन्ही स्टेशनांत एकेक, तारेने एकमेकांना बांधलेली. आत धातूचे गोळे, त्यावर सेक्शनचं नाव कोरलेलं. पुढच्या मास्तराने लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, दिली तरच माझ्या यंत्रातून गोळा सुटणार. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रं कुलूपबंद. तो गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि ते कडं ड्रायव्हरच्या हातात. न थांबणाऱ्या गाडीला कडं देताना पॉइंट्समन हात उंच करून उभा राही, रात्री शेजारी मशाल धरलेली असे. ड्रायव्हर जुनं कडं टाकी आणि नव्या कड्यात हात घालून उचली. दंड सुजून येत बिचाऱ्यांचे.

आणि एक. गेटमनशी फोनवर बोलताना आम्ही प्रायव्हेट नंबर देतो. दोन आकडी, छापील तक्त्यातून, एकदा वापरला की खोडायचा. ‘गाडी निघाली, गेट बंद कर’ एवढं म्हणून भागत नाही. त्याने गेट बंद करून त्याचा नंबर मला द्यायचा, मी तो वहीत वेळेसह लिहायचा, मग सिग्नल. बोलणं झालं याला पुरावा नाही, नंबर आला तर झालं. आपल्या यजमानांच्या लॉगबुकाबद्दल वाचलं आणि हेच आठवलं.

रातराणी

काकू, किती सुंदर लिहिताय. मला रेडिओतलं काहीच कळत नाही म्हणून बावळट प्रश्न विचारते. माळ्याखालच्या एवढ्याशा संचावरून परदेशात बोलणं पोचायचं कसं? उपग्रहावरून का?

अबोली

@रातराणी, अजिबात बावळट नाही, मीही हेच विचारलं होतं. उपग्रह नाही. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरच्या वर सूर्याच्या किरणांनी हवेतले कण विद्युतभारित होतात, त्याचे थर असतात. सर्वांत खालच्याला डी थर म्हणतात. तो दिवसा असतो आणि सात मेगाहर्ट्झसारख्या लहरी शोषून घेतो, म्हणून दिवसा आपलं बोलणं शेजारच्या राज्यांपर्यंत. सूर्य मावळला की डी थर विरतो. दोनतीनशे किलोमीटर उंचीवरचा एफ थर मात्र रात्रीही टिकतो, त्याच्यावरून लहर वळून खाली येते, जमिनीवरून पुन्हा वर जाते. म्हणून रात्री युरोप, जपान. हे सगळं सूर्यावरच्या डागांवरही अवलंबून. ते डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि कमी होतात. डाग कमी असलेल्या वर्षांतली लॉगबुकं बारीक आहेत, हे मला आत्ता खोके लावताना दिसलं.

@जुना मास्तर, कड्याचं वाचून बरं वाटलं. आमच्या क्वार्टरमागून मेल गेली की कडं पडल्याचा आवाज यायचा.

काल राहिलेलं लिहिते. नंतर आमची बदली कर्जतला झाली. तिथे घाट. भोर घाटाचा मार्ग १८६३ सालचा, चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वर जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. उतरणीचं दुखणं वेगळं. ब्रेक सुटून गाडी पळाली तर तिला आवरायला कॅच सायडिंग असतं, चढावर जाणारा आणि पुढे संपणारा फाटा. त्याचे पॉइंट, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारे सांधे, नेहमी फाट्याकडेच लागलेले. गाडी आधी थांबली, ताब्यात आहे हे दिसलं, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ह्यांना घाटातल्या पॉइंटांची फार काळजी असे. मंकी हिल, ठाकूरवाडी ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जायची. धुक्यात, पावसात, ट्रॉलीवरून, पायी. घरी आले की बूट दारातच काढून आधी शॅकमध्ये जायचे, ओले कपडे नंतर.

तिथे वीजेवरची लाइन जवळ. लोकल किंवा इंजिन गेलं की पेंटोग्राफच्या (टपावरून वरच्या तारेला टेकणाऱ्या दांड्याच्या) ठिणग्यांचा कडकडाट हेडफोनमध्ये यायचा. परदेशी मित्राला सांगायचे, “थांबा, गाडी जातेय,” आणि मग कोणती गाडी ते सांगायचे. तिकडच्या लोकांना याचीच मौज. मग समोरचाही आपल्या गावच्या गाड्यांचं सांगे. युरोपात रेल्वेतल्या हॅम मंडळींची ‘फिराक’ नावाची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या काही सभासदांची कार्डं खोक्यात आहेत, इंजिनांची चित्रं असलेली. ती मी वेगळी ठेवली आहेत.

मनमाडकर

माझे वडील ड्रायव्हर होते. घाटात उतरताना ते एक शब्द बोलत नसत असं त्यांचा असिस्टंट सांगायचा. काकू, तुमच्या यजमानांसारखी माणसं रुळाशेजारी होती म्हणून आमचे वडील घरी येत होते. आभार मानायला उशीर झाला, पण मानतो.

चाळीस मीटर

काकू, मी हॅम आहे, परवाना मिळून थोडीच वर्षं झाली. तुमच्या यजमानांची कॉल साइन इथे लिहू नका, पण मला व्यक्तिगत संदेशात कळवाल का? मला वाटतं सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी हॅम मंडळी रेडिओवर जमतात ते) मी त्यांना ऐकलं असावं. हळू, स्पष्ट, प्रत्येक कॉल साइन दोनदा उच्चारणारे एक काका होते. नवीन कोणी आलं की इतरांना थांबवून त्याला आधी बोलायला देत.

आमच्यात हॅम गेला की त्याला ‘सायलेंट की’, म्हणजे शांत झालेली मोर्सची कळ, म्हणतात. नेटवर त्या दिवशी थोडा वेळ कोणी बोलत नाही. तुमच्या यजमानांसाठीही तसं केलं असणार.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी ते कुठे होते? आमचे ज्येष्ठ त्या दिवसांबद्दल फार बोलतात.

अबोली

@चाळीस मीटर, संदेश पाठवला आहे. हो, नेटवर त्यांच्यासाठी शांतता पाळली होती. त्यांचा एक मित्र मोबाइल रेडिओशेजारी धरून बसला आणि मला ऐकवलं.

किल्लारीचं लिहायचं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. लिहिते.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. आम्ही तेव्हा पुन्हा दौंडला होतो, भांडी वाजली म्हणून जाग आली. उजाडेपर्यंत काय झालं ते नीट कळत नव्हतं. पुढच्या दिवसांत हॅम मंडळी संच आणि बॅटऱ्या घेऊन त्या भागात गेली. ह्यांना ड्यूटी सोडून जाता येईना, पण घरचा संच चालू होता. तिकडून निरोप यायचे, हे लिहून घ्यायचे आणि फोनने, नाहीतर माणूस पाठवून ज्याचा त्याला पोचवायचे. लाल रेघांची वही होती. पाठवणारा, घेणारा, मजकूर, शब्दांची संख्या, वेळ. मजकूर घेतला की अक्षर न अक्षर परत वाचून दाखवायचा, तिकडून ‘बरोबर’ आलं की मगच सही. नावं अक्षर-अक्षर फोडून. एकाच गावात एकाच नावाची माणसं किती असतात, तुम्हीच सांगा.

बहुतेक निरोप दोनचार शब्दांचे. ‘आम्ही तिघे सुखरूप. तंबूत आहोत.’ मी म्हटलं, एवढंच? काळजी करू नका असं तरी पुढे जोडा. म्हणाले, “त्यांनी म्हटलेलं नाही. जेवढं आलं तेवढंच पुढे जाईल.” मला तेव्हा राग आला होता.

एका संध्याकाळी आमच्याच कॉलनीतल्या एका गँगमनसाठी निरोप आला. त्याचं घर तिकडचं. निरोप वाईट होता. फोनची सोय नव्हतीच, ह्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलंही नाही. स्वतः गेले. मी मागून गेले होते, म्हणून पाहिलं. त्याच्या दारात उभं राहून कागद उघडला आणि जसा होता तसा वाचला. तीन नावं होती. ती सावकाश घेतली, एकामागून एक. त्याने विचारलं, “आणि बाकीचे?” हे म्हणाले, “कागदात तीनच नावं आहेत. बाकीच्यांचं मी आत्ता विचारतो.” घरी येऊन संच लावला आणि रात्री उशिरापर्यंत विचारत राहिले. धाकटी मुलगी एका दवाखान्यात आहे, पायाला लागलंय, असं उत्तर मध्यरात्रीनंतर आलं. पुन्हा कागद घेऊन गेले. मग त्याच्या पायरीवर सकाळपर्यंत बसले, गाडीची वेळ झाली तेव्हा त्याला स्टेशनात नेऊन बसवून आले.

त्यांनी ‘बाकीचे सगळे बरे असतील’ असं म्हटलं असतं तर ऐकायला बरं वाटलं असतं. पण मग मुलीबद्दलचा कागद त्याने खरा मानला असता का? माझा राग त्या रात्री गेला.

रातराणी

काकू… शब्द नाहीत.

जुना मास्तर

ताई, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि मुलाला वाचून दाखवला. आमच्याकडे नव्या पोरांना हेच शिकवायचं असतं, आणि हेच सर्वांत अवघड जातं. कंट्रोलरने काही सांगितलं की ते परत म्हणून दाखवा, आपल्या शब्दांत नव्हे, त्याच्या शब्दांत.

पाऊलवाट

त्सुनामीच्या वेळी अंदमानातून हॅम रेडिओनेच पहिल्या बातम्या आल्या होत्या ना? कुणाला माहीत असेल तर सांगा.

चाळीस मीटर

@पाऊलवाट, डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने काही हॅम पोर्ट ब्लेअरला संच लावून बसले होते. अंदमानातून हॅम प्रक्षेपण करायची परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती, जगभरचे लोक त्यांच्याशी संपर्क साधायला धडपडत होते. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप झाला, मग लाटा. नेहमीचे फोन बंद पडले आणि हौसेसाठी नेलेले तेच संच निरोपांच्या कामाला लागले. मुख्य भूमीवरचे हॅम ते निरोप घेऊन पुढे पोचवत होते.

अबोली

हो, त्या दिवसांत हे १४ मेगाहर्ट्झवर तासन् तास ऐकत होते. फक्त ऐकत. मध्ये बोलून कुणाच्या निरोपात आपला आवाज घुसवायचा नाही, म्हणून ट्रान्समीटरची तार काढूनच ठेवली होती. घरात कुणी शॅकमधला पंखा लावायचा नाही असंही सांगितलं होतं, त्याची घरघर ऐकण्यात येते म्हणून.

आनंदाच्या आठवणीही पुष्कळ आहेत, त्या राहायला नकोत. २००५ च्या मे महिन्यात इस्रोने पीएसएलव्हीवरून ‘हॅमसॅट’ सोडला, खास हॅम मंडळींसाठीचा छोटा उपग्रह. ह्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची यागी अँटेना बनवली आणि आम्ही गच्चीवर. ते कानाला हेडफोन लावून, मी अँटेना हातात धरून. कागदावर वेळा आणि दिशा लिहिलेल्या, त्याप्रमाणे मी हळूहळू दक्षिणेकडून उत्तरेकडे फिरवायची. दहा-बारा मिनिटांत उपग्रह क्षितिजाखाली. त्या दिवशी कोलंबोचा एक आवाज आला आणि ह्यांनी मला हेडफोन काढून दिला. शेजारच्या बाईंना वाटलं आम्ही टीव्हीची अँटेना लावतोय.

निवृत्तीनंतर हैदराबादच्या अशर फरहान यांच्या ‘बिटएक्स’ संचाच्या आराखड्यावरून एक संच बांधला. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता यावा असाच तो आराखडा आहे. मग शेजारपाजारच्या कॉलेजातल्या मुलांना तसे बांधायला मदत केली. मुलं तापलेली सोल्डरिंग आयर्न टेबलावर ठेवून मोबाइल बघायची, ह्यांनी लाकडात खिळे ठोकून प्रत्येकाला स्टँड करून दिला. तो अजून आहे, राळेच्या वासासकट.

आता माझे प्रश्न. संचांचं काय करायचं? मला कुणी म्हणालं की परवाना नसताना घरात ठेवता येत नाहीत. आणि बुटांच्या एका खोक्यात न पाठवलेली, म्हणजे उत्तर द्यायची राहिलेली कार्डं आहेत. शेवटच्या आजारपणात राहून गेली. ती लोकं वाट बघत असतील.

चाळीस मीटर

काकू, पहिल्याचं आधी. परवाना व्यक्तीचा असतो, तो वारसाला जात नाही, आणि ट्रान्समीटर बिनपरवाना बाळगायला १९३३ च्या वायरलेस कायद्यापासूनच मनाई आहे. म्हणून संच परवानाधारक हॅमला किंवा एखाद्या क्लब स्टेशनला रीतसर कागदावर द्यावेत. संचाचं नाव, सिरियल नंबर, देणारा, घेणारा, घेणाऱ्याचा परवाना क्रमांक, तारीख, सह्या. त्यांच्या परवान्याची मूळ प्रत आणि मृत्यूचा दाखला जोडून दिल्लीच्या डब्ल्यूपीसीला (परवाने देणारं सरकारी कार्यालय) कळवलं की तुमच्या बाजूने काम झालं. हवं तर मसुदा मी करून देतो.

एक कळकळीची विनंती. व्हॉल्व्हचा जुना ट्रान्समीटर कुणालाही उघडू देऊ नका, तुम्हीही उघडू नका. प्लग काढून ठेवला असला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. जाणकार माणूस आधी तो डिस्चार्ज करेल. शॅकमध्ये लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर तीही तिथून काढून घ्या. आणि गच्चीवरची अँटेना वळिवाच्या आधी उतरवा, केबल घरात आलेली असेल तर वीज तिच्यावरून आत येते.

कार्डांचं सोपं आहे. हॅम गेल्यावर त्याच्या लॉगबुकावरून घरचं माणूस किंवा मित्र कार्डं पाठवतो, ही जुनी रीत आहे. कार्डावरची तारीख, वेळ, बँड (लहरींचा पट्टा) आणि मोड (मोर्स की आवाज) लॉगशी जुळला की त्यांचं कोरं कार्ड भरायचं आणि तळाशी ‘लॉगवरून’ असं लिहून तुमची सही. त्यांची कोरी कार्डं शिल्लक आहेत का?

अबोली

कोरी कार्डं एक गठ्ठा आहेत. त्यावर घाटातल्या वळणाचं चित्र आहे, त्यांनीच पेनने काढलेलं.

संचांबद्दल ठरवलं. ज्या कॉलेजच्या मुलांना शिकवायचे तिथे क्लब स्टेशन आहे, बिटएक्स आणि यागी तिकडे जाईल. ८०७ चा संच त्यांचा मित्र येऊन बघणार आहे. मोर्सची पितळी की मी ठेवते, तिला परवाना लागत नाही ना? (मित्राने हसून नाही म्हटलं.)

कार्डांचं काम सुरू केलंय. रोज दुपारी चहानंतर बसते. साडेपाच तासांचा हिशोब अजून डोक्यात बसलेला आहे त्यामुळे भराभर होतं. पण एक कार्ड अडलंय, त्याबद्दल विचारायचं आहे. पोलंडमधल्या एका हॅमचं आहे, ४० मीटर (म्हणजे तोच सात मेगाहर्ट्झचा पट्टा), मोर्स, ऑगस्ट २००८. त्याने फार आपुलकीने लिहिलंय, भारतातलं त्याचं हे पहिलंच स्टेशन. लॉगमध्ये त्या तारखेला काहीच नोंद नाही. आदल्या आणि पुढच्या दिवशीही नाही. म्हणून मी ड्यूटीची डायरी काढली. त्या रात्री ते घरी नव्हतेच. ‘मुसळधार पाऊस, पॉइंट मशीनमध्ये पाणी, पहाटेपर्यंत साइटवर’ असं त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. मग ह्या माणसाने बोलणं केलं कुणाशी?

मुलगा म्हणतो, आई, पाठवून दे, त्याला आनंद होईल, कुणाचं काय जातंय.

चाळीस मीटर

काकू, असं होतं. गर्दीत, खरखरीत मोर्सचं एखादं अक्षर चुकीचं ऐकलं जातं. तुमच्या यजमानांच्या कॉल साइनपेक्षा एकाच अक्षराने वेगळं असं दुसरं स्टेशन असणार. एखादं टिंब जास्त गेलं की एस चा एच होतो.

अशा वेळी ‘नॉट इन लॉग’ असं लिहून कार्ड परत करतात. त्यात कुणी अपमान मानत नाही. तो त्याची नोंद पुन्हा तपासेल आणि खरं स्टेशन शोधेल.

जुना मास्तर

ताई, मुलाचं मन चांगलं आहे. पण मी आपल्या जागी असतो तर सही केली नसती.

अबोली

नाहीच करणार. मुलालाही काल किल्लारीची वही काढून दाखवली, तो तेव्हा लहान होता, त्याला काही आठवत नव्हतं.

पोलंडच्या गृहस्थांना कार्ड परत पाठवते आहे, वर ‘नॉट इन लॉग’, सोबत पत्र. त्या रात्री माझे यजमान घाटात पावसात पॉइंट मशीन दुरुस्त करत होते, संच बंद होता, त्यामुळे आपलं बोलणं दुसऱ्या कुणाशी झालं असावं, कॉल साइनमधलं शेवटचं अक्षर पुन्हा पाहावं, असं लिहिलंय. इंग्रजी मुलीने तपासून दिलं. घाटाच्या चित्राचं एक कोरं कार्डही घालते आहे, त्यावर फक्त माझं नाव.

@चाळीस मीटर, परदेशी टपालाला हल्ली पाकिटावर वेगळं काही लिहावं लागतं का, आणि उरलेली कार्डं ब्यूरोतर्फे (हॅम संघटनेची कार्डं पोचवायची सोय) एकत्र पाठवायची तर देशाप्रमाणे लावून द्यायची की कॉल साइनप्रमाणे? तेवढं सांगा, म्हणजे खोका बांधून ठेवते.

चाळीस मीटर

कॉल साइनच्या सुरुवातीच्या अक्षरांप्रमाणे लावा, म्हणजे देश आपोआप वेगळे होतात. पाकिटावर नाव-पत्त्याखेरीज काही लिहू नका, बाहेर कॉल साइन लिहिली की पाकिटं फोडली जातात असा आमच्या लोकांचा अनुभव आहे. खोका मी रविवारी न्यायला येतो, काकू.